कॅम्पर व्हॅनसाठी शिडी: कोणती घ्यायची, कशी लावायची, कुठे ठेवायची?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ट्रॅव्हलर किंवा विंगरचं घर करून कोकणात फिरणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. त्या व्हिडिओंमध्ये बेड, फ्रिज, सोलर पॅनल सगळं दाखवतात, पण शिडीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आणि टपावर तर चढावंच लागतं: पॅनलवरची धूळ पुसायला, पावसाळ्याआधी सांधे सील करायला, कॅरिअरवरचं सामान काढायला. टप जवळजवळ तीन मीटरवर असतो. तिथून खाली पडलं तर ट्रिप तर संपतेच, हाडंही मोडू शकतात. म्हणून ही माहिती एकदा नीट वाचून ठेवा.

आधी ठरवा, चढायची गरज आहे का?

वर नुसतं काय झालंय ते बघायचं असेल तर शिडी काढूच नका. सेल्फी स्टिकवर फोन लावा, व्हिडिओ सुरू करा आणि गाडीभोवती एक फेरी मारा. पॅनलवर किती धूळ आहे, व्हेंटचं झाकण तुटलंय का, सीलंटला तडे गेलेत का, हे झूम करून दिसतं. पॅनल पुसायला लांब दांड्याचा मऊ ब्रशही बऱ्याचदा पुरतो.

शिडीचे प्रकार

- टेलिस्कोपिक: नळ्या एकमेकींत सरकतात. ३.८ मीटरची शिडी मिटल्यावर साधारण ८० ते ९० सेंटिमीटरची होते. कॅम्परसाठी सगळ्यात सोयीची. पण प्रत्येक पायरीचं लॉक वेगळं असतं आणि मिटताना बोटं चिमटतात. हळू मिटणारी, म्हणजे सॉफ्ट क्लोज, मिळाली तर तीच घ्या.
- घडीची: बिजागऱ्यांवर दुमडते. भक्कम असते, पण जड आणि जागा खाणारी.
- मागच्या बाजूला पक्की बसवलेली: कायम हाताशी असते. मात्र ती दरवाजावर बसवली असेल तर सगळा भार दरवाजाच्या बिजागऱ्यांवर येतो. बसवणाऱ्याकडून वजनमर्यादा लेखी घ्या.
- फायबरग्लासची: कोरडी आणि स्वच्छ असेल तर वीज वाहून नेत नाही, पण वजनाला जास्त. विजेच्या तारांजवळ काम करणाऱ्यांसाठी असते.

लांबी कशी काढायची?

ऑनलाइन लिस्टिंगमधली लांबी म्हणजे शिडी पोहोचेल ती उंची नव्हे. शिडी तिरकी लावायची असते. ७५ अंशांवर ती आपल्या लांबीच्या सुमारे ९७ टक्के उंची गाठते.

समजा टप २.७ मीटरवर आहे.

- शिडीवरच उभं राहून टपाच्या कडेचं काम करायचं आहे: ३.२ मीटरची शिडी पुरते.
- शिडीवरून टपावर जायचं आहे: शिडी कडेच्या वर साधारण एक मीटर निघायला हवी, म्हणजे उतरताना धरायला आधार मिळतो. २.७ + १ = ३.७ मीटर उंची, म्हणून ३.८ मीटरची शिडी लागेल.

दुसरं काम करण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा किंवा बॉडी बांधणाऱ्याला विचारा. प्रत्येक टप माणसाचं वजन पेलेल असा बांधलेला नसतो.

वजनक्षमता

तुमचं वजन + बूट + हातातली अवजारं, असा हिशोब करा. युरोपच्या ईएन १३१ मानकात कमाल भार १५० किलो असतो आणि टेलिस्कोपिक शिड्यांसाठी त्याचा वेगळा भाग आहे. अमेरिकन शिड्यांवर टाइप लिहिलेला असतो:

- टाइप ३: ९० किलो
- टाइप २: १०२ किलो
- टाइप १: ११३ किलो
- टाइप १ए: १३६ किलो
- टाइप १एए: १७० किलो

आपल्याकडे आयएस ३६९६ हे शिडी वापरताना घ्यायच्या सुरक्षेचं मानक आहे. जाहिरातीतल्या 'हेवी ड्यूटी' या शब्दाला काही अर्थ नाही. मानकाचा नंबर आणि किलोचा आकडा शिडीवरच्या लेबलवर छापलेला हवा. लिस्टिंगच्या फोटोत लेबल दिसत नसेल तर पुढे सरका. एक तारेवाले रिव्ह्यू आधी वाचा, आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

फोनने कोन मोजा

सोपा नियम चारास एक: २.७ मीटरवर शिडी टेकत असेल तर तिचा पाया गाडीपासून सुमारे ६८ सेंटिमीटरवर हवा. नेमका कोन बघायचा तर फोन आहेच. आयफोनच्या मेझर अ‍ॅपमध्ये लेव्हल आहे. अँड्रॉइडवर फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप झुकाव मोजतं. जाड कव्हर काढा आणि फोनची लांब कड शिडीच्या उभ्या दांड्याला चिकटवून धरा. ७५ च्या आसपास आकडा हवा. काही अ‍ॅप १५ दाखवतात, कारण ते उभ्या रेषेपासून मोजतात. दोन्हीचा अर्थ एकच.

चढण्याआधी

1. गाडीचा हँडब्रेक ओढा, चाकांना उटी लावा.
2. वर बघा. विजेची तार असेल तर गाडी दुसरीकडे घ्या. अ‍ॅल्युमिनिअममधून वीज वाहते.
3. जमीन सपाट आणि कोरडी हवी. वाळूवर किंवा चिखलात खाली जाड फळी टाका.
4. प्रत्येक लॉक बसलंय का, हे डोळ्यांनी तपासा. नुसत्या 'टक' आवाजावर विश्वास नको.
5. दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय, असे तीन टेकू कायम ठेवा. अवजारं पिशवीत.
6. खाली एक जण शिडी धरून उभा हवा.

प्रवासात कुठे ठेवायची?

आत ठेवायची तर बांधूनच. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली की मोकळी शिडी त्याच वेगाने पुढे येते. हा वेग म्हणजे सुमारे १४ मीटरवरून, चार-पाच मजल्यांच्या उंचीवरून, पडलेल्या वस्तूचा वेग. दहा-बारा किलोची शिडी सीटच्या मागे नुसती टेकवून ठेवण्यात काय धोका आहे, हे यावरून कळेल. जमिनीलगत, आडवी, गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या हुकांना दोन रॅचेट पट्ट्यांनी आवळा. बंजी दोरी ताणली जाते, ती चालणार नाही. बेडखालचा कप्पा उत्तम, फक्त त्याचं दार बाहेरूनही उघडायला हवं.

बाहेर टपावर ठेवायची असेल तर ती गाडीच्या कडेबाहेर येता कामा नये. ठरलेल्या मर्यादेबाहेर आलेल्या सामानासाठी मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आहे. पट्ट्यांबरोबर कुलपाची केबलही लावा आणि पहिल्या चहाच्या थांब्यावर पट्ट्या पुन्हा आवळा. सुरुवातीच्या हादऱ्यांत त्या सैल होतात.

वाशीची हवा आणि देखभाल

ठाणे खाडीला लागून राहणाऱ्यांच्या पार्किंगमध्ये दमट, खारी हवा असतेच. अ‍ॅल्युमिनिअमला लोखंडासारखा गंज चढत नाही, पण मिठाने त्यावर बारीक खड्डे पडतात आणि स्टीलच्या रिव्हेटभोवती ते लवकर दिसतात. किनाऱ्यावरून आल्यावर साध्या पाण्याने धुवा, पूर्ण उघडून वाळवा, मगच मिटा. नळ्यांना तेल-ग्रीस लावू नका. त्यावर वाळू चिकटते आणि लॉक अडकतात.

वाकलेला दांडा, तडा गेलेली पायरी, झिजलेलं रबरी पाऊल किंवा न बसणारं लॉक, यातलं काहीही दिसलं तर शिडी वापरणं थांबवा. रबरी पावलं बहुतेक कंपन्यांकडे वेगळी मिळतात. वाकलेला दांडा मात्र ठोकून सरळ करायचा नसतो. अशी शिडी भंगारात द्या, पण आधी तिचे दोन तुकडे करा, म्हणजे दुसरं कोणी तिच्यावर चढणार नाही.