दोनदा उजाडतं तेव्हा

ऑगस्ट 1943. पर्थमध्ये बोचरी थंडी आहे. स्वान नदीच्या पाण्यावर डुलणाऱ्या कॅटालिना विमानात तुम्ही वाकून शिरता. प्रवासी तिघेच. टपाल जास्तीत जास्त 69 किलो. बाकी सगळा भार पेट्रोलचा. सिंगापूर पडलं आणि ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला जाणारी हवाई वाट तुटली. क्वांटासची माणसं ती अशी सांधताहेत: इथून थेट सिलोनचं कोग्गला सरोवर, 5,652 किलोमीटर, मध्ये कुठेही न उतरता.

“किती वेळ लागेल?”

“वाऱ्यावर आहे. अठ्ठावीस तास धरा. तीसही होतील.”

विमान पाणी कापत धावतं, धावतच राहतं. सोळा टन वजन उचलायचं म्हणजे चेष्टा नव्हे. उठलं एकदाचं! टाक्या बऱ्यापैकी रिकाम्या होईपर्यंत दोनपैकी एक इंजिन बंद पडलं, तर दुसऱ्याला हा बोजा झेपणार नाही. हे तुम्हाला कुणी सांगत नाही, ते बरंच आहे. मागून सूर्य वर येतो. पहिला.

वेग ताशी साधारण 200 किलोमीटर. तुम्हाला हसू येतं, कारण तुम्ही पुढच्या काळातले. 2018पासून याच पर्थहून लंडनला, सुमारे 14,500 किलोमीटर, एका दमात सतरा-एक तासांत जाता येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे सतरा तास झाले तरी खाली तोच हिंदी महासागर. इंजिनांची घरघर कानातून हाडांत उतरलेली.

रात्र. आता जपानी विमानांचा टापू. रेडिओवर नुसतं ऐकायचं, बोलायचं नाही. वाट दाखवायला फक्त तारे. नॅव्हिगेटर सेक्स्टंट डोळ्याला लावून ताऱ्याची उंची मोजतो, घड्याळ बघतो, आकडेमोड करतो. कोन एका अंशाच्या साठाव्या भागाने चुकला, की नकाशावर जवळपास दोन किलोमीटरचा फरक. आणि विमान सतत हलतंय.

तुमच्या विमानाचं नाव ‘अल्टेअर स्टार’. या मार्गावरच्या पाचही विमानांना ताऱ्यांचीच नावं मिळतील. व्हेगा, स्पायका, अँटारेस... म्हणजे आपले अभिजित, चित्रा, ज्येष्ठा. आणि अल्टेअर म्हणजे श्रवण. इतक्या परक्या आभाळात ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. चित्रा मावळते. मग कधीतरी ज्येष्ठाही. पहाटे पूर्वेला पाचवा दिसतो, रायगेल, मृगातला. नॅव्हिगेटर पुन्हा सेक्स्टंट उचलतो.

मग दुसरा सूर्य. त्याच प्रवासात, त्याच खुर्चीत.

माडांची रांग दिसते, सरोवर दिसतं, पोटाखाली पाणी सपकन लागतं. हातात एक प्रमाणपत्र पडतं: दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळाचे तुम्ही आता सभासद. धक्क्यावरचा माणूस हसून काहीतरी विचारतो. तुम्हाला फक्त त्याचे ओठ हलताना दिसतात.