निरोग्यांची छावणी

घणसोली हें ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावरील आगरी-कोळी वस्तीचें जुनें गांव. आतां तें नवी मुंबईच्या पोटांत शिरलें असून गांवठाणांतील घरें एकमेकांस इतकीं चिकटलेलीं आहेत कीं, एका घरांतील खोकला शेजारीं सहज ऐकूं यावा. सन २०२० च्या मार्चांत राज्यभर कोरोनाच्या संशयितांच्या डाव्या हातावर शिक्का उमटवून १४ दिवस घरांतच वेगळें राहण्याचा हुकूम झाला. त्यासाठीं निराळी खोली आणावयाची कोठून, हा प्रश्न अशा गांवठाणांत नुसता पुस्तकी नव्हता. ज्या कायद्याच्या आधारें हे हुकूम निघाले तो ४ फेब्रुवारी १८९७ चा, म्हणजे प्लेगाच्या पहिल्या सालचा. म्हणून आम्हांस थोडें मागें जाणें प्राप्त आहे.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. त्यानंतर घरझडत्या सुरू झाल्या. रोग्यास इस्पितळांत न्यावयाचें, आणि ज्यांस कांहींच झालेलें नाहीं अशा त्याच्या आप्तांस छावणींत ठेवावयाचें! लोकांस रोगापेक्षां याचेंच भय अधिक वाटलें. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं गिरणी-कामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लोक रोगी लपवूं लागले, आणि आठ लक्षांवरील वस्तीपैकीं सुमारें निम्मे लोक कांहीं महिन्यांत शहर सोडून गेले. त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगहि गांवोगांव गेला. पुण्यांत गोऱ्या सोजिरांच्या झडत्यांचा शेवट २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबावर गोळ्या झडण्यांत झाला, हें सर्वश्रुतच आहे.

नवलाची गोष्ट ही कीं, घर सोडणें आपल्या खेडुतांस मुळींच नवें नव्हतें. उंदीर पडूं लागले कीं ते गांव मोकळें करून माळावर झोपड्या घालीत. फ्रेंच डॉक्टर सिमों यांनीं १८९८ सालीं कराचीस उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखविलें, तेव्हां या रीतीचें मर्म उघड झालें. गांठीचा प्लेग माणसापासून माणसास क्वचितच लागतो. धोका असे तो घरांत. छावणी काय आणि माळावरची झोपडी काय, दोन्हींचें शास्त्र एकच. परंतु झोपडींत स्वतःची चूल होती, बायकामुलें जवळ होतीं, आणि दाराशीं पहारा नव्हता. आमच्या मतें सरकारचें चुकलें तें येथेंच.

फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्यानें पसरतो, व त्याच्या रोग्याजवळ वावरलेल्यांस आज सात दिवस प्रतिजैविक औषध देऊन ताप येतो कीं काय तें पाहतात. त्या काळीं हें औषध नव्हतें. जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां हाफकिन यांनीं जवळजवळ निम्म्या कैद्यांस नवी लस टोंचली. (कैद्यांची खुशी ती कितपत खरी, हें निराळें!) त्यांच्यांत रोग पुष्कळच कमी आढळला.

कोरोनाच्या प्रारंभीं लस नव्हती. होता तो शिक्का. १८ मार्च २०२० रोजीं पालघरास असे शिक्के हातावर असलेले चार प्रवासी आगगाडींतून उतरविण्यांत आले. ते गुजरातेकडे निघाले होते.