खेळातून आतड्यांची निगा
क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांच्या दाहाचे जुनाट विकार. ते कधी शमतात, कधी उसळतात. बरे वाटू लागताच रुग्ण औषध टाळतो आणि दुखणे पुन्हा बळावते. म्हणूनच काही मोबाइल अॅप्स गोळी वेळेवर घेतल्याबद्दल, शौच व रक्तस्राव नोंदवल्याबद्दल गुण देतात. मात्र गुण नोंदीला हवेत, प्रकृतीला नव्हेत. अन्यथा गुण घटू नयेत म्हणून रुग्ण रक्तस्रावच लपवील. शिवाय नोंद वाचणारा कोणी हवा. नेदरलँड्समधील ९०९ रुग्णांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘मायआयबीडीकोच’ वापरणाऱ्यांच्या रुग्णालयातील फेऱ्या घटल्या. तेथे धोक्याची नोंद दिसताच उपचारपथक रुग्णाशी संपर्क साधत असे.