दुखते गुडघ्यात, बिघाड खुब्यात

खारेपाटणच्या शाळेत काय किंवा आणखी कुठे काय, मुलगा गुडघा धरून बसला की आपण म्हणतो, "वाढीचं वय आहे, दुखणारच." पुष्कळदा ते निभावून जाते. १९०३ साली बोस्टनच्या ऑसगुड आणि झ्युरिकच्या श्लाटर यांनी गुडघ्याखालच्या दुखऱ्या उंचवट्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. मांडीच्या स्नायूची ओढ नडगीच्या कोवळ्या हाडावर पडते, म्हणून पळणाऱ्या मुलांत ते आढळते. खेळ बेताने ठेवला की बहुधा कालांतराने थांबते.

आम्हाला अधिक मोलाची वाटते ती खुब्याची हकिकत. त्या काळी मूल लंगडू लागले आणि खुब्यात दोष दिसला की पहिला संशय क्षयाचा. क्षय घरोघरी होता, तेव्हा संशय वावगा नव्हता. क्ष-किरण १८९५ साली सापडले, पण चित्र दिसले म्हणजे अर्थ लागतोच असे नाही. १९०९ साली स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी हा विकार वर्णिला, तो क्षय समजूनच! १९१० मध्ये अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्वे आणि जर्मनीत पेर्थेस यांनी तो वेगळा असल्याचे दाखवले. यात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होतो. गोळा मृत होतो आणि काही वर्षांत पुन्हा घडतो. त्या काळात तो दबून चपटा झाला तर खुबा कायमचा बिघडू शकतो. रक्त का अडते, हे कोडे अजून सुटलेले नाही.

खुबा आणि गुडघा यांना काही मज्जातंतू सामाईक आहेत. त्यामुळे मूल बोट ठेवते गुडघ्यावर. गुडघ्याचे चित्र निर्दोष येते आणि महिने वाया जातात.

मणिपालच्या बेंजामिन जोसेफ आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवले, की दक्षिण भारतात पेर्थेसचा विकार पश्चिम किनारपट्टीवर विशेष आढळतो. ती पट्टी खारेपाटणच्या दक्षिणेची. पण सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधलीच. कोकणातल्या शिक्षकाने म्हणूनच थोडे सावध असावे.

प्रार्थनेला मुले मांडी घालून बसतात, तेव्हा एखाद्याचा एकच गुडघा वर राहतो का, चालताना तो लंगडतो का, हे पाहावे. तसे असेल तर डॉक्टरांकडून खुबाही तपासून घ्यावा. दहा-बारा वर्षांपुढचे मूल पाऊल बाहेर वळवून लंगडत असेल, तर गोळा सरकलेला असू शकतो; त्याला चालवू नये. ताप असून पाय टेकवत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.