पदकाच्या कडेवरचं नाव

बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणांहून एक प्रश्न मला वारंवार येतो. ‘आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते म्हणतात, त्यांचा माग कसा काढायचा?’ आज मी माझ्या घरचाच माग सांगतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. पणजोबा इराकात, खंदकात लढताना छातीवर गोळी झेलून पडले, ही गोष्ट ऐकत मी वाढलो. मी तोफखान्यात अधिकारी झालो तेव्हा आजोबांनी तीच गोष्ट पुन्हा सांगून माझ्या कपाळाला अंगारा लावला. तीस वर्षांच्या नोकरीत ती तपासून पाहावी असं मला कधी वाटलं नाही. निवृत्तीनंतर सवड मिळाली आणि शोधायला बसलो.

सुरुवात देवघरातल्या डबीपासून केली. तीत पाचव्या जॉर्जचा मुखवटा असलेलं चांदीचं पदक होतं. त्या युद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. भिंग लावल्यावर वाचता आलं: ११७ महरट्टाज. तुमच्या घरी असं पदक असेल तर चिंच लावून घासू नका. खरी माहिती त्या कडेवरच आहे.

पलटण कळली की पुढची वाट सापडते. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनची लढाई झाली. तिथून मागे हटून हे सैन्य तैग्रिसच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा गावात आलं आणि ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला. शिधा संपत आला तशी घोडी कापावी लागली. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं. विमानांतून धान्य टाकून पाहिलं, तेही पुरलं नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड शरण गेले. शिपाई आणि सोबतचे नोकरचाकर मिळून सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली.

पणजोबा वेढ्यातच पडले असणार, असं मी धरून चाललो होतो. मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधलं. गोऱ्या कारकुनाने मराठी नाव कसं ऐकलं असेल याचा अंदाज घेत चार तऱ्हांनी लिहून पाहिलं. अखेर नंबर जुळला, पलटण जुळली, वडिलांचं आणि गावाचं नावही जुळलं. मृत्यूची तारीख मात्र ऑक्टोबर १९१६ मधली होती. शरणागतीनंतर जवळजवळ सहा महिन्यांनी!

म्हणजे ते युद्धकैदी म्हणून गेले. कुतच्या कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं होतं. कित्येक हिंदी शिपायांना रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. भूक, हगवण आणि ऊन यांनीच पुष्कळांचा जीव घेतला.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याला हे सांगितलं. ती चिडलीच. “म्हणजे आजोबा शरण गेले म्हणतोस?”

मी म्हटलं, “आत्या, शरण जायचं ते जनरल ठरवतो. शिपाई फक्त हुकूम पाळतो.” तो जनरल पुढे इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला, हेही तिला सांगितलं. ती काही बोलली नाही.

शेवटचा कागद तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळाला. जुन्या फेरफाराची नक्कल मोडीत होती, ती एका मोडी जाणकाराकडून वाचून घेतली. नोंद १९२० सालची. खातेदार मयत, जमीन अज्ञान मुलाच्या नावे, अ.पा.क. आई. अ.पा.क. म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, इथे पालनकर्ती. चार वर्षं जमीन गेलेल्या माणसाच्याच नावावर राहिली होती.

पणजीबद्दल घरात सांगत, की बाई भारी हट्टी. कितीतरी वर्षं कुंकू पुसायला तयार नव्हती, गाव तिला वेड्यात काढायचं. फेरफार वाचल्यावर तो हट्ट मला कळला. नोकरीत एका घरी ‘बेपत्ता’ हा शब्द मला स्वतः लिहून कळवावा लागला होता. त्या शब्दाने घरच्यांना रडताही येत नाही आणि आशाही सोडता येत नाही. छातीवरच्या गोळीची गोष्ट पणजीनेच लहानग्या मुलासाठी रचली असावी, असं मला वाटतं. त्या गोष्टीवर तिने त्याला वाढवलं. मी तिला खोटं म्हणणार नाही.

बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा आहे. आमच्या गावच्या संगमरवरी पाटीवरही किती गेले आणि किती मेले, एवढंच लिहिलं आहे. म्हणून सांगतो, पदक, फेरफार, मोडी चिठोरी, काहीही असो, रद्दीत घालण्याआधी एकदा वाचून घ्या.

आठवड्याने आत्याचा फोन आला. पणजोबांची तिथी ठाऊक नव्हती, म्हणून आमच्याकडे त्यांचं श्राद्ध सर्वपित्रीलाच होत आलं आहे.

“तारीख मिळाली ना तुला?” ती म्हणाली. “मग जुनं पंचांग बघ आणि तिथी काढ.”