एका रंगाचा सूर्य : पुण्यातील तरंगलांबी-निवडीचा इतिहास

सूर्याचा पांढरा भासणारा प्रकाश वस्तुतः असंख्य तरंगलांबींचे मिश्रण असून, त्या मिश्रणातून हवी ती एकच तरंगलांबी वेगळी काढता आली तरच त्या तेजोगोलावर कोणते मूलद्रव्य कोणत्या अवस्थेत आहे हे सांगता येते. हे निवडीचे काम आज ज्या काचांकडून करून घेतले जाते त्यांना व्यतिकरण-गाळण्या किंवा रोजच्या बोलण्यात नुसते ‘फिल्टर’ म्हणतात. या गाळण्या विसाव्या शतकातील असल्या, तरी पुण्यात तरंगलांबीच्या निवडीचा उद्योग त्यांच्या पन्नासएक वर्षे आधीच सुरू झाला होता, आणि त्याचे श्रेय कावसजी दादाभाई नायगमवाला या एका माणसाकडे जाते.

नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकलेले व तेथेच अध्यापन करणारे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी 1882 मध्ये त्या महाविद्यालयाला वर्णपट-प्रयोगशाळेसाठी 5,000 रुपयांची देणगी दिली व मुंबई सरकारने तेवढीच भर घातली; पुढे 1884 मध्ये नायगमवाला इंग्लंडला गेले असता, प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारावी असा सल्ला त्यांना तेथील ज्योतिर्विदांकडून मिळाला. त्यासाठी मुंबईपेक्षा पुण्याचे आकाश बरे म्हणून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाच्या, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेच्या, आवारात 1888 च्या सुमारास महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांनी घडवलेली तिची 20 इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती.

लोलकातून जाणारा प्रकाश रंगांत पसरतो आणि त्या पट्ट्यात ठराविक जागी उमटणाऱ्या रेषा मूलद्रव्यांची ओळख पटवतात. यालाच वर्णपट-परीक्षण म्हणतात. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटात हिरवट भागात एक ठळक रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड असावी असे त्या सल्लागार ज्योतिर्विदांपैकी सर नॉर्मन लॉकयर यांचे मत होते, आणि त्यांचा तेजोमेघांविषयीचा सिद्धांत बऱ्याच अंशी त्यावर उभा होता. नायगमवालांनी पुण्याच्या दुर्बिणीतून ती रेषा तपासली, ती पट्ट्यासारखी एका बाजूने विरत जाणारी नसून सर्व परिस्थितीत रेखीवच राहते असे त्यांना आढळले, आणि 1891 मध्ये त्यांनी तसे प्रसिद्ध केले. ज्यांच्या प्रोत्साहनाने वेधशाळा घडली त्यांच्याच मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष होता, ही गोष्ट त्या वेधांच्या प्रामाणिकपणाबद्दल पुरेसे सांगते. ती 500.7 नॅनोमीटरची रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे 1927 मध्ये बोवेन यांनी दाखवून दिले. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग.)

22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे, तर लॉकयर विजयदुर्गाला होते. विजयदुर्गावर 1868 मध्ये लॉकयर यांना हेलियमचा शोध लागला असे आजही सर्रास सांगितले जाते, ते दोन ग्रहणांची गल्लत झाल्यामुळे. 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाचे वेध ज्योतिर्विद जान्सन यांनी गुंटूरहून घेतले, लॉकयर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते, आणि ते विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनंतर. ही दुरुस्ती शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. नायगमवालांचा जेऊरचा अहवाल 1902 मध्ये छापून निघाला, परंतु 1912 मध्ये ते निवृत्त होताच वेधशाळा बंद करून तिची उपकरणे कोडाईकनालला पाठवण्यात आली. एक संस्था एका व्यक्तीवर किती विसंबून होती याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

लोलकाच्या पद्धतीत मात्र एक मूळची अडचण होती : प्रकाश अरुंद फटीतून घ्यावा लागत असल्याने एका वेळी सूर्यबिंबाची एक बारीक पट्टीच हाती येई. संपूर्ण बिंब एकाच रंगात एकदम पाहायचे तर गाळणीच हवी, आणि रंगीत काच नको असलेले रंग शोषून घेत असली तरी तिच्यातून दहापाच नॅनोमीटरचा नव्हे तर त्याहून कितीतरी रुंद पट्टा निसटतो. यावरचा उपाय ज्या तत्त्वातून निघाला ते भोर तालुक्यात हिर्डोशीवरून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरही पावसाळ्यात पाहायला मिळते. डबक्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगाला स्वतःचा रंग नसतो. तवंगाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, काही तरंगलांबी बळावतात, काही मावळतात, आणि म्हणून रंग दिसतात. लहरींच्या या परस्परक्रियेला व्यतिकरण म्हणतात.

फाब्री व पेरो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन अर्धपारदर्शक आरशांमध्ये प्रकाश पुनःपुन्हा खेळवून हेच तत्त्व मोजमापासाठी वापरले, आणि 1939 मध्ये जर्मनीत गेफ्केन यांनी ती रचना काचेवरच्या पातळ थरांत उतरवली. अशी गाळणी करताना निर्वात पेटीत झिंक सल्फाइड व क्रायोलाइट यांची वाफ काचेवर आळीपाळीने बसवतात. प्रत्येक थराची जाडी त्या पदार्थातील तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे 550 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी अनुक्रमे सुमारे 59 व 102 नॅनोमीटर, ठेवावी लागते. थरांच्या अशा दोन गठ्ठ्यांमध्ये अर्ध्या तरंगलांबीचा एक थर राखला की त्या एकाच तरंगलांबीला वाट मिळते व तिच्या आसपासचा प्रकाश परत फिरतो. गाळणी किंचित तिरकी झाली तरी निवडलेला पट्टा निळ्या बाजूला सरकतो, म्हणून ती बसवण्याचे काम ती घडवण्याइतकेच नाजूक असते.

पुण्यात सूर्याकडे पुन्हा अशा बारकाईने पाहिले गेले ते ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेमुळे. 2 सप्टेंबर 2023 रोजी अवकाशात गेलेल्या आदित्य-एल1 या यानावरील ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण या संस्थेच्या नेतृत्वाखाली घडली असून, 200 ते 400 नॅनोमीटर या पट्ट्यासाठी तिच्यात अकरा गाळण्या आहेत. त्यांपैकी दोन 279.6 व 280.3 नॅनोमीटरच्या शेजारच्या रेषा एकमेकींपासून वेगळ्या करतात. वातावरणातील ओझोनमुळे या रेषा जमिनीवरून दिसूच शकत नाहीत, म्हणून ही दुर्बीण वातावरणाबाहेर न्यावी लागली; ती पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर आहे. या दोन्ही रेषा मॅग्नेशियमच्या आहेत. मृगाच्या तेजोमेघात नायगमवालांना जे आढळले नव्हते, तेच हे मूलद्रव्य.