तीस जण आणि एक मैदान

नगरजवळच्या के. के. रेंजवर रणगाड्यांचा गोळीबार सुरू झाला की आसपासच्या गावांत खिडक्यांची तावदानं थरथरतात. नगरकरांना त्याचं काही वाटत नाही. चिलखती दलाची शाळा १९४८ पासून इथेच आहे. मात्र ज्यांचा सराव अशा मोकळ्या माळावर होतो, ते रणगाडे श्रीलंकेतल्या जाफन्यात एकदा रेल्वेच्या रुळांवरून हाकावे लागले. त्याआधीचे हे तास.

२९ जुलै १९८७. कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार. लिट्टेसारख्या ज्या तमिळ बंडखोरांना आपणच तमिळनाडूतल्या छावण्यांत शिकवलं, त्यांचीच हत्यारं आता आपल्या फौजेनं काढून घ्यायची होती.

५ ऑक्टोबर. जाफन्याजवळच्या पलाली हवाईतळावर श्रीलंकेच्या ताब्यातल्या लिट्टेवाल्यांनी सायनाइड चावलं. कुमारप्पा आणि पुलेंद्रन या म्होरक्यांसह बारा जण गेले. माझ्या मते समेट तिथेच संपला.

११ ऑक्टोबर, रात्र. आपल्या फौजेचा बेत असा : पॅरा कमांडोंनी जाफना विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर उतरून लिट्टेचे पुढारी उचलायचे, १३ शीख लाइट इन्फन्ट्रीनं मैदान धरून ठेवायचं. मैदान एवढंसं, की एका वेळी दोनच एमआय-८ हेलिकॉप्टरं उतरणार. आणि आपले बिनतारी निरोप लिट्टेनं आधीच ऐकले होते. माझ्या लेखी मोहीम पलालीच्या धावपट्टीवरच फसली होती.

मध्यरात्रीच्या आसपास. चहूकडून गोळीबार. १०३ कमांडो उतरले आणि पुढाऱ्यांच्या शोधात निघून गेले. मेजर बीरेंद्र सिंग आणि त्यांचे जवान, एकूण तीस, मैदानात उतरले; हेलिकॉप्टरांची चाळण झाल्यानं पुढच्या फेऱ्या थांबल्या. बिनतारी यंत्रावरचा जवान पडला. आता पलालीला त्यांची काहीच खबर मिळेना.

१२ ऑक्टोबर, सकाळी साडेअकराचा सुमार. मैदानातल्या जवानांच्या गोळ्या संपल्या. उरलेल्या तिघांनी संगिनी लावल्या आणि ते धावून गेले. दोघे पडले, एक पकडला गेला.

१३ ऑक्टोबर. कमांडो घरांच्या आडोशानं अजून लढतच होते. रस्त्यांत सुरुंग, म्हणून ६५ आर्मर्ड रेजिमेंटचे मेजर अनिल कौल यांनी टी-७२ रणगाडे रुळांवर घातले आणि त्यांना सोडवलं. कमांडोंचे सहा गेले होते, मैदानातल्या तिसांपैकी एकोणतीस.

आपल्या फौजेची शेवटची तुकडी श्रीलंकेतून परतली २४ मार्च १९९० ला. तोवर अकराशेहून अधिक जवान गेले होते. त्यांचं स्मारक कोलंबोजवळ आहे. ते श्रीलंकेनं बांधलं.